दूत मोकळा नाही

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा संगणकावरचा खेळ बहुतेक जण मुलूख जिंकायला खेळतात. यंदाच्या पावसाळ्यात मी तो ऑस्ट्रिया घेऊन खेळले आणि स्वतःहून एकही युद्ध पुकारलं नाही. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण शांततेने खेळणं म्हणजे हातावर हात ठेवून वर्षं पुढे ढकलणं, असा समज मला बऱ्याच खेळाडूंमध्ये दिसतो. तो मला पटत नाही. इतकं अवघड आणि इतकं गुंतवून ठेवणारं दुसरं काही मी या खेळात केलेलं नाही.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वीडनच्या पॅरॅडॉक्स कंपनीने तो २०१३ साली काढला. समोर सगळ्या जगाचा नकाशा असतो, त्यातलं एक राज्य आपण निवडायचं. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. तारीख अशी आडनिडी आहे त्याला कारण आहे. आदल्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, वार्नाच्या लढाईत पोलंड आणि हंगेरी या दोन्ही देशांचा तरुण राजा व्लादिस्लाव तुर्कांशी लढताना पडला. त्यामुळे खेळ उघडतो तेव्हा युरोपातल्या दोन गाद्यांवर कोण बसणार हेच ठरलेलं नसतं. वारसाहक्काचा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर असतो आणि वारसाहक्काचे प्रश्न ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याइतके कुणालाच नीट सोडवता आले नाहीत. ‘लढाया इतरांनी कराव्यात, सुखी ऑस्ट्रिया, तू लग्नं कर’ अशा अर्थाचं एक लॅटिन वचन या घराण्याबद्दल प्रसिद्धच आहे. म्हणून ऑस्ट्रिया.

नियम मी आधीच वहीत लिहून ठेवले. स्वतःहून युद्ध पुकारायचं नाही. कुणी आपल्यावर किंवा आपल्या आश्रयाला असलेल्यावर चालून आलं तर लढायचं. मित्राने उकरून काढलेल्या भांडणात जायचं नाही. खेळ आयर्नमॅन पद्धतीने लावला. म्हणजे आपोआप एकच नोंद जतन होते, मागे जाऊन निर्णय बदलता येत नाही. वेंगुर्ल्यात पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी आधी नवीन घेतली.

संध्याकाळी काजू कारखान्यातले हिशेब संपवून मी घरी आले की भावाचा मुलगा येऊन शेजारी बसायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे त्यांची होडी वर ओढून झाकलेली आणि पोरगा रिकामा. पहिले काही दिवस त्याने नुसतं पाहिलं. मग विचारलं, “आते, लढाई कधी गो?”

“लढाई नाय.”

“मगे ह्यो खेळ कसलो?”

त्याला जे दाखवलं तेच इथे लिहिते.

खेळात पैसा लागतो, सैन्य लागतं, पण शांततेने खेळताना सगळ्यात टंचाई असते ती दूतांची. बहुतेक राज्यांना सुरुवातीला दोनच दूत मिळतात. एखाद्या राज्याशी संबंध सुधारायचे तर एक दूत तिथे पाठवून बसवावा लागतो. तो तिथे असतो तोवर त्यांचं आपल्याबद्दलचं मत महिन्यामहिन्याने वाढतं, एकट्या दूतामुळे जास्तीत जास्त शंभर गुणांनी. त्याला परत बोलावलं की ती कमाई हळूहळू झिजायला लागते. दुसरी मर्यादा नात्यांची. युती, सोयरीक, संरक्षणाची हमी, मांडलिक, हे सगळं एका ठरावीक संख्येत बसवावं लागतं, आणि वर गेलं की दर महिन्याला राजनैतिक गुण कापले जातात. एकाच राज्याशी युतीही केली आणि लग्नही लावलं तर ते एकच नातं धरतात. म्हणून थोड्याच घरांशी, पण दुहेरी नातं जोडायचं, हे मी सुरुवातीलाच ठरवलं.

त्यामुळे खरा प्रश्न कुणाशी मैत्री करायची हा राहतच नाही. कुणाला सोडून द्यायचं हा होतो. पोर्तुगाल प्रेमाने युती मागत होता, तो मी नाकारला. डेन्मार्कही नाकारला. दोघांत वाईट काहीच नव्हतं, पण त्यांच्यासाठी जागा अडवली असती तर ती जिथे खरोखर लागणार होती तिथे उरली नसती.

ती लागणार होती सात इलेक्टरांसाठी. पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मध्य युरोपातल्या बहुतांशी जर्मन संस्थानांच्या सैल संघाचा, सम्राट निवडायचा हक्क १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’ने सात जणांना दिला होता: माइंत्स, ट्रियर आणि कोलोन इथले तीन आर्चबिशप, आणि बोहेमिया, पॅलेटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग इथले चार राजे-सरदार. खेळातही सुरुवातीला हेच सात असतात. आपल्या गावात पालखी उठायच्या आधी मानकऱ्यांचे मान जसे ज्याचे त्याला जावे लागतात, तसंच हे. एकाला आधी आणि दुसऱ्याला उशिरा गेलेलं कुणी विसरत नाही. कोणता इलेक्टर आज कुणाला मत देईल हे खेळ दाखवतो, आणि माझा राजा, तेव्हाचा सम्राट फ्रेडरिक म्हातारा व्हायला लागला तसं ते पान मी सारखं उघडून पाहत होते.

बिशपांच्या राज्यांत लग्न लावता येत नाही, ती धर्मसंस्थानं आहेत. तिथे दूत पाठवणं किंवा पैशांची भेट देणं एवढंच हाती. म्हणून मी दोन्ही दूत बिशपांकडे फिरते ठेवले आणि सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग सोयरिकीने बांधले. ट्रियरचं मत पुरेसं चढलं की दूत कोलोनला, तिथलं चढेपर्यंत माइंत्स उतरायला लागायचं. दरबारात सल्लागार ठेवतानाही लष्करी माणसावर पैसा घातला नाही. संबंध लवकर सुधारून देणारा, ज्याला खेळात डिप्लोमॅटच म्हणतात, तो महाग असूनही घेतला. पहिला विचारसंचही (राज्याला पायरीपायरीने मिळणाऱ्या फायद्यांचा गट) राजनयाचाच निवडला, कारण त्याच्या पहिल्याच पायरीवर एक जास्तीचा दूत मिळतो. तो मिळाला त्या संध्याकाळी मला एखादा प्रांत जिंकल्याहून जास्त आनंद झाला, हे अगदी खरं सांगते.

सैन्य मात्र कधीच कमी केलं नाही. भाच्याला हे कोडंच होतं.

“मगे ह्या सैन्य कित्याक आसा, जर लढूचाच नाय?”

त्याला मी दुसऱ्या बाजूने नकाशा दाखवला. संगणकाच्या हातातलं राज्य हल्ला करण्याआधी आपली फौज आणि आपल्या मित्रांची फौज मिळून मोजतं. ती बेरीज मोठी असली की ते दुसरीकडे वळतं. सीमेवरच्या डोंगराळ प्रांतांत किल्ले आणि पूर्ण भरलेल्या पलटणी ठेवणं हा शांततेचा खर्च आहे, आणि तो दर महिन्याला भरावा लागतो. सैन्य कमी करून वाचलेल्या पैशांत बाजारपेठा बांधणारे शांतताप्रिय खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांची राज्यं नकाशावर फार काळ दिसत नाहीत.

हंगेरीने लवकरच परीक्षा घेतली. तुर्कांच्या भीतीने आम्ही युती केली होती. काही वर्षांनी हंगेरीने बोस्नियावर स्वतःच हल्ला केला आणि मला हाक मारली. नकार दिला की युती तुटते, प्रतिष्ठेचे गुण जातात आणि विश्वासाचा आकडा खाली येतो. हो म्हटलं तर माझा तिसरा नियम मोडतो. मी नकार दिला. प्रतिष्ठा घसरली तशी इतर दरबारांतली किंमतही थोडी घसरली आणि पूर्वेकडची माझी भिंत काही वर्षं उघडी राहिली. त्या काळात तुर्कांनी हंगेरीकडे तोंड वळवलं असतं तर मला बाहेरून बघत बसावं लागलं असतं. पण लग्नाचं नातं शाबूत होतं. त्या धाग्याने दूत परत पाठवला आणि बऱ्याच काळाने युती पुन्हा जुळली. मित्र निवडताना तो किती बलवान आहे यापेक्षा तो किती भांडकुदळ आहे हे पाहायचं, हे तिथून पुढे मी प्रत्येक युतीआधी तपासलं. समोरचा कुणाकुणाच्या प्रांतांवर दावा सांगतो हे नकाशावर दिसतं. ते आधी वाचायचं.

आता बर्गंडी. या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण त्याचा एक धागा थेट आमच्या गावापर्यंत येतो.

इतिहास असा: बर्गंडीचा सरदार चार्ल्स १४७७ च्या जानेवारीत नान्सीच्या लढाईत मारला गेला. त्याला मुलगा नव्हता, एकुलती मुलगी मेरी. फ्रान्सचा राजा तिच्या मुलखावर डोळा ठेवून होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने फ्रेडरिकच्या मुलाशी, मॅक्सिमिलियनशी लग्न केलं आणि आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमचा श्रीमंत पट्टा हाब्सबुर्गांकडे आला. मॅक्सिमिलियनच्या मुलाचं लग्न १४९६ मध्ये स्पेनच्या राजकन्येशी, हुआनाशी झालं. त्यांचा मुलगा चार्ल्स स्पेनचा राजाही झाला आणि १५१९ मध्ये सम्राट म्हणूनही निवडला गेला. चार्ल्सचा मुलगा फिलिप दुसरा आईकडून पोर्तुगालचा नातू, त्या हक्काने १५८० पासून पोर्तुगालही त्याच्याकडे. पण १५६८ पासून त्याच फिलिपविरुद्ध नेदरलँड्सने बंड केलं होतं. त्या बंडातून डच प्रजासत्ताक उभं राहिलं, १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, आणि स्पेनच्या राजाच्या ताब्यातला पोर्तुगाल म्हणजे डचांचा शत्रू, म्हणून डच गोव्याच्या पोर्तुगीजांना कोंडायला या किनाऱ्यावर आले. विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने १६३७ मध्ये त्यांनी वखार घातली, ती वेंगुर्ल्यात. तिचे पडके अवशेष आजही गावात उभे आहेत. शाळेत असताना आम्ही त्या भिंतींच्या आडोशाला लपाछपी खेळायचो, तेव्हा हे लोक इथे का आले होते हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाच्याला हे सगळं नकाशावर बोट फिरवून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बर्गंडीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे त्या चेडवाचा लगीन झाला म्हणान आमच्याकडे वखार आयली?” इतकं सरळ ते नाही, मध्ये शंभर कारणं आहेत. पण धागा खरा आहे.

खेळात हे आपोआप घडत नाही. बर्गंडीशी सोयरीक करून ठेवावी लागते आणि मग वाट पाहावी लागते. फ्रान्सचीही नजर असतेच. मी लग्नाबरोबर एक दूत कायमचा तिथे बसवला आणि दुसरीकडे फ्रान्सला थोपवणारी साखळी बांधली: पश्चिमेला कॅस्टिल (पुढच्या स्पेनचा मोठा भाग), समुद्रापलीकडे इंग्लंड. इंग्लंड फ्रान्सचा जुना वैरी, त्यामुळे ती युती स्वस्तात झाली. चार्ल्स मेला, ती घटना सांगणारी खिडकी पडद्यावर उघडली आणि बर्गंडी माझ्या राजाच्या छत्राखाली आली. दोन राज्यं, एक राजा. फ्रान्सने सैन्य सीमेवर आणलं. आम्ही दोघं स्पेसबार दाबून खेळ थांबवत, फौजांची बेरीज पुन्हा पुन्हा करत होतो. ते सैन्य शेवटी परत गेलं. एकही गोळी न सुटता मिळालेला तो निकाल ही या सगळ्या मोहिमेतली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे.

पण छत्र आलं म्हणजे काम संपलं नाही. आपला राजा मेला त्या वेळी खालच्या राज्याचं आपल्याबद्दलचं मत शून्याच्या खाली असेल तर असा संयोग तुटतो. पूर्ण विलीन करायचं म्हटलं तरी पन्नास वर्षं थांबावं लागतं. म्हणून एक दूत पिढ्यान्‌पिढ्या बर्गंडीतच राहिला. भाचा विचारायचा, तिकडे सगळं ठीक आहे तर त्याला उठव ना. मी उठवला नाही. नेदरलँड्समध्ये बंड झालं नाही ते त्यामुळेच, असा दावा मी करणार नाही. पण माझ्या नकाशावर डच प्रजासत्ताक आलंच नाही.

इटलीबद्दल थोडंच. १४९० च्या सुमारास उत्तर इटलीतली राज्यं साम्राज्यातून बाहेर पडू शकतात. त्यांना धरून ठेवायला जितकी शक्ती लागली असती तितकी माझ्याकडे नव्हती. ती गेली.

मांडलिकांचा प्रश्न जास्त खोल होता. युती असेल, मत १९० च्या वर असेल आणि राज्य लहान असेल, तर त्याला गोडीगुलाबीने मांडलिक करता येतं. दहा वर्षांनी राजनैतिक गुण मोजून, विकासाच्या प्रत्येक एककामागे साधारण आठ, ते राज्य गिळताही येतं. युद्ध न करता वाढायचा हाच राजमार्ग म्हणून सगळे सांगतात. मी एका शेजाऱ्यापर्यंत तो वापरला आणि थांबले. एक तर असं गिळल्याने दरबारांतलं आपलं नाव खराब होतं. शिवाय साम्राज्यात जितकी संस्थानं जास्त तितका सम्राटाचा अधिकार दर महिन्याला जास्त वाढतो, मग संस्थानं कमी करणं माझ्याच तोट्याचं. आणि हिशेबापलीकडचंही एक कारण होतं. ज्याच्या घरी वीस वर्षं दूत पाठवला, ज्याच्या मुलीशी लग्न लावलं, त्याचं नाव एका सकाळी नकाशावरून पुसून टाकायचं, याला मी शांतता म्हणू शकत नाही. नियमात हे बसत होतं, तरीही.

खरी कसोटी धर्मसुधारणेची. लूथरने आपले प्रबंध १५१७ मध्ये विटेनबर्गला मांडले. खेळातही साधारण त्या काळात प्रोटेस्टंट पंथाची केंद्रं उगवतात आणि आजूबाजूचे प्रांत बदलायला लागतात. संस्थानिकाने पंथ बदलला की कॅथलिक सम्राटाबद्दलचं त्याचं मत एकदम खाली येतं आणि सम्राटाचा अधिकार वाढायचा वेग मंदावतो. ज्यांना इतकी वर्षं जपलं त्यांचे आकडे एका दशकात ढासळताना पाहणं फार जड गेलं. यावर बहुतेक खेळाडू सैन्य घेऊन जातात आणि संस्थानिकांना जबरदस्तीने कॅथलिक करतात. मी ते केलं नाही. बदललेल्या इलेक्टरांपैकी सॅक्सनीला दूत, ब्रांडेनबुर्गला भेटी आणि नवी सोयरीक. पंथाचं ऋण इतर धनांनी भरून काढायचं, एवढाच मार्ग होता. प्रोटेस्टंट राज्यांची लीग उभी राहिली तेव्हा तिच्या म्होरक्याच्या आणि माझ्या मित्रांच्या फौजांची बेरीज मी जवळजवळ रोज पाहत होते. प्रत्यक्षातल्या युरोपात १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने तात्पुरती तडजोड झाली, पण १६१८ मध्ये भडका उडाला तो तीस वर्षं चालला आणि १६४८ मध्ये म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक इथल्या तहांनी थांबला. जर्मनीचे कित्येक भाग त्यात ओस पडले. माझ्या खेळात लीगने माझ्यावर युद्ध पुकारलं नाही. जास्तीचा एकही प्रांत मला त्यातून मिळाला नाही आणि पटावर कुणाच्या नजरेत भरावं असं काहीच घडलं नाही. तरीही भाच्याने तेव्हा विचारलं नाही, लढाई कधी म्हणून. तो स्वतःच कोणता इलेक्टर घसरतोय ते सांगायला लागला होता.

अधिकाराचे पन्नास गुण साठले आणि बहुसंख्य संस्थानिकांचा पाठिंबा असला की सम्राटाला साम्राज्यात एक सुधारणा मंजूर करून घेता येते. माझं सगळं लक्ष त्यातल्या एकीवर होतं: एविगर लांडफ्रीड, कायमची अंतर्गत शांतता. मॅक्सिमिलियनने ती १४९५ मध्ये वर्म्सच्या सभेत प्रत्यक्ष जाहीर केली होती. मला ती मिळायला सोळावं शतक मागे टाकावं लागलं. खेळात ती लागू झाली की साम्राज्यातल्या संस्थानांना एकमेकांवर युद्धच पुकारता येत नाही. बव्हेरियाच्या सरदाराची आउग्सबुर्गवर असलेली नजर, पॅलेटिनेट आणि त्याच्या शेजाऱ्यांची जुनी कटकट, सगळ्याला कायद्याने आळा बसला. मी त्या रात्री पुढचं काही केलं नाही. खेळ मधल्या वेगावर चालू ठेवला आणि नुसती वर्षं जाताना पाहिली.

पुढच्या सुधारणांची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. आधी गादी वंशपरंपरागत करायची, मग संस्थानिकांचे हक्क काढून सगळ्यांना एकदम मांडलिक करायचं, आणि शेवटी संपूर्ण साम्राज्य एकाच राज्यात विरघळवून टाकायचं. या खेळातला हा सर्वांत मोठा विजय मानतात, आणि तोही युद्ध न करता मिळू शकतो. माझ्याकडे तेवढा अधिकार साठतही होता. मी ती वाट धरली नाही. लांडफ्रीडवरच थांबले आणि साठलेलं बळ तुर्कांच्या सीमेवरच्या किल्ल्यांत घातलं.

तोवर फ्रान्सने, बहुधा इंग्लंडच्या त्रासाने, मला आपल्या शत्रूंच्या यादीतून काढलं होतं. मीही त्याला काढलं. ट्रियरचं मत भरलेलं होतं, तिथला दूत मोकळा झाला. भाचा म्हणाला, पोलंडला पाठव. मी पॅरिसला पाठवला.